पर्ड्यू बास्केटबॉल: ब्रेडननंतर कोण? ‘वीस पॉइंटवाला’ गार्ड आणायचा की नाही

मॅकेची_वरची_रांग
काल इथे एकाने लिहिलं: “आपल्या पॉइंट गार्ड (बॉल खेळवणारा) ब्रेडन स्मिथचं २०२५-२६ हे शेवटचं वर्ष. ट्रान्सफर पोर्टल (कॉलेज बदलणाऱ्या खेळाडूंची यादी) उघडलं की छोट्या लीगमधला सर्वात जास्त पॉइंट करणारा गार्ड उचला, पास द्यायला कोच पेंटर शिकवतील.” वाचून डोकं फिरलं. इतकं सोपं असतं तर ब्लूमिंग्टनवाल्यांनी (इंडियाना विद्यापीठ) २०२४ मध्येच बाजी मारली असती. पॅक-१२ लीगचा फ्रेशमन ऑफ द इयर (पहिल्या वर्षातला सर्वोत्तम) माइल्स राइस आणला, आणि मार्चमध्ये एनसीएए स्पर्धेच्या वेळी टीम टीव्हीसमोर!

पॉइंट बघूच नका. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये छोट्या टीम पैसे घेऊन मोठ्यांच्या घरी मार खायला जातात ना, त्या मॅच काढा. सहकाऱ्याने वाट अडवून स्क्रीन लावल्यावर समोरचा सेंटर (उंच खेळाडू) अंगावर चढून आला की हा गार्ड काय करतो? दोन पावलं मागे सरकून ड्रिबल चालू ठेवतो, की घाबरून बॉल दोन्ही हातांत धरतो? धरला की संपलं. टर्नओव्हर, म्हणजे गमावलेले बॉलही, सरसकट मोजू नका. बॉल बाहेर गेला तर डिफेन्स लावायला वेळ मिळतो, हातातून चोरला तर समोरचा थेट रिंगखाली जाऊन लेअप घालतो.

आणि आपल्या ७ फूट ४ इंची सेंटर जेकबसनला लॉब (रिंगजवळ उंच पास) द्यायचा तर पास दुसऱ्या ड्रिबललाच सुटायला हवा. तिसऱ्याला कोपऱ्यातला डिफेंडर रिंगखाली येऊन उभा असतो. ज्याला चार वर्षं ‘आधी स्वतः शूट कर’ हेच सांगितलंय, तो हे जूनपासून ऑक्टोबरपर्यंत शिकणार?

लांबून_थ्री
ती पोस्ट माझीच. वॉल्टर क्लेटन विसरलात वाटतं. आयोनासारख्या छोट्या कॉलेजातून फ्लोरिडात आला, २०२५ च्या फायनल फोरमध्ये (सेमीफायनल) ऑबर्नवर ३४ पॉइंट, टीम चॅम्पियन. तोही ‘आधी शूट’वालाच होता. तुमच्या चाळणीत तो पहिल्याच फेरीत गळला असता.

मॅकेची_वरची_रांग
अर्धीच गोष्ट सांगताय. फ्लोरिडातल्या पहिल्या वर्षी पॉइंट गार्ड कोण होता? झायॉन पुलिन, यूसी रिव्हरसाइडहून आलेला. क्लेटन त्याच्या शेजारी खेळला, बॉल त्याच्या हाती पूर्ण आला तो दुसऱ्या वर्षी. ह्युस्टनविरुद्धची फायनल पुन्हा बघा: पहिल्या हाफमध्ये शून्य पॉइंट, शेवटी ११ आणि ७ असिस्ट (बास्केट करून देणारे पास). म्हणजे पास देणारा क्लेटन जिंकला, शूट करणारा नव्हे.

लांबून_थ्री
आणि शेवटच्या क्षणी धावत जाऊन ह्युस्टनच्या शार्पचा शॉट रोखला तो कोणी? असिस्टने? बॉल खाली टाकून शार्प नुसता बघत राहिला, हातही लावता येईना. उगाच पुस्तकी बोलू नका.

झोन_नको_रे
दोघंही बाहेर का शोधताय? ओमर मेयर घरात आहे. इस्रायलच्या मक्काबी तेल अवीवमध्ये मोठ्या माणसांत खेळून आलाय. त्याला बॉल द्या, पोर्टलमधून लान्स जोन्ससारखा जोडीदार आणा. २०२३ मध्ये फेअरली डिकिन्सनने ६३-५८ ने नाक कापलं तेव्हा आपले १६ टर्नओव्हर होते, थ्री (लांबून तीन पॉइंटचे शॉट) २६ पैकी ५. दोन्ही मुख्य गार्ड फ्रेशमन. पेंटरनी ब्रेडनला बसवलं नाही, सदर्न इलिनॉयहून जोन्स आणून त्याच्या डोक्यावरचं ओझं काढलं. पुढच्याच वर्षी फायनल.

सेविस_फी_भरलेला
मेयरला पैसे कसे देणार तेही सांगा. तो एफ-१ विद्यार्थी व्हिसावर असेल तर बाहेर जाहिरात म्हणजे काम. आपला झॅक एडी देशातला सर्वोत्तम खेळाडू, पण व्हिसामुळे इथल्या पोरांसारखे करार करता आले नाहीत. आपल्या भारतीय पोरांनी कॅम्पसवर आठवड्याला २० तासांवर एक तास काम केलं की स्टेटस धोक्यात, आणि खेळाडूंसाठी मात्र वकील वाटा शोधतात.

झोन_नको_रे
२०२५ पासून विद्यापीठंच थेट वाटा देतात. पहिल्या वर्षी सगळ्या खेळांची मिळून मर्यादा साधारण २.०५ कोटी डॉलर. त्यांचं म्हणणं, ही मजुरी नाही, नाव वापरल्याचे पैसे.

सेविस_फी_भरलेला
वा! मग ओपीटीची (शिक्षणानंतर कामाची परवानगी) वाट बघणाऱ्यानेही सांगावं, मी काम करत नाही, कंपनी माझं नाव वापरते. चालेल?

मॅकेची_वरची_रांग
अहो, इथे गार्ड निवडतोय. इमिग्रेशनचं दुकान दुसरीकडे मांडा.

सेविस_फी_भरलेला
दुकान नाही, मुद्दा आहे. परदेशी गार्डवर टीम बांधायची तर पैशाचा रस्ता आधी स्वच्छ हवा. नाहीतर एप्रिलमध्ये युरोपातला क्लब सरळ पगार देऊन घेऊन जाईल. वरच्या रांगेतून कागदपत्रं दिसत नसतील.

झोन_नको_रे
हे मात्र खरं आहे, नाइलाजाने म्हणतो.

लांबून_थ्री
चाळणीवाल्यांना अजून एक. मिलोस उझान. ओक्लाहोमातल्या शेवटच्या वर्षी थ्री तीस टक्क्यांच्या आत, ह्युस्टनला गेल्यावर चाळिशीच्या वर. २०२५ च्या स्वीट सिक्स्टीनमध्ये (शेवटच्या १६ टीमची फेरी) आपल्याविरुद्ध, आपल्याच अंगणात, इंडियानापोलिसला, स्वतःच बॉल आत फेकला, सहकारी टगलरकडून परत घेतला आणि ०.९ सेकंद उरले असताना लेअप. ६२-६०. जुन्या आकड्यांवर गेला असतात तर घेतला असतात त्याला?

मॅकेची_वरची_रांग
जखमेवर मीठ चोळल्याबद्दल आभार. पण बॉल आत फेकणाऱ्याकडे कोणी बघत नाही हे ओळखून आत घुसणं, हीच ती अक्कल. पॉइंटच्या रकान्यात ती दिसते का? बरं, जुन्या थ्रीवरून माणूस बाद करू नये, एवढं मान्य. फ्री थ्रो बघा, हात कसा आहे ते तिथे जास्त कळतं. ८० टक्क्यांच्या वर असेल तर थ्री सुधारायला जागा आहे.

लांबून_थ्री
चला, वीस पॉइंटवाला नको, तुमचा पासवीर आणा. पण आपला फॉरवर्ड कॉफमन-रेनही जातोय, शूटर लॉयरही जातोय. पास देणार कोणाला?

झोन_नको_रे
जेकबसनला. दुसऱ्या ड्रिबलला.