हळदीकुंकवाला सगळ्याजणी

वर एकीने लिहिलंय की हळदीकुंकू म्हणजे साड्यांची मिरवणूक, त्यातून कुणाला कसला आधार मिळणार? मला हे अजिबात पटत नाही.

काका गेले, त्यानंतरच्या संक्रांतीला काकू दार लोटून आत बसली होती. गल्लीतल्या बायका ओटी-वाण घेऊन दारावरून जात होत्या आणि ही लाइटसुद्धा लावेना. मग मे 2022 मध्ये शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करायचा ठराव केला. आमच्या बचत गटात त्यावर खूप बोलणं झालं, वादही झाले. शेवटी पुढच्या संक्रांतीला दोघीजणी घरी आल्या आणि काकूला हाताला धरून घेऊन गेल्या. हळद लावताना तिने हात मागे घेतला. गटातल्या सगळ्यात म्हाताऱ्या आजींनी मनगट धरलं आणि बोटभर हळद लावलीच.

तिथेच बोलता बोलता कळलं की तिचा निराधार योजनेचा अर्ज उत्पन्नाच्या दाखल्यापायी अडकलाय. दुसऱ्याच दिवशी एकजण तिच्यासोबत तहसीलला गेली. वाणात मिळालेला स्टीलचा डबा काकू अजून रोज वापरते.