इंदुरात नळाच्या पाण्याचा धूर कोणाच्या नावावर मांडायचा?

रामबागकर: आमच्याकडे पाणी एक दिवसाआड येतं. काल पहाटे शेजारच्या गच्चीवरची टाकी अर्धा तास वाहत होती, जिन्यावरून थेट गल्लीत. हे पाणी जलूदहून, सुमारे 70 किलोमीटरवरून, नर्मदेतून उपसून माळव्याच्या पठारावर चढवलेलं. चढवायला वीज, विजेला बराचसा कोळसा. देशाच्या हिशेबात तो धूर मात्र ‘ऊर्जा’ या रकान्यात जातो. 2020 च्या हरितगृह वायूंच्या (‘धूर’ म्हणजे इथे तेच) राष्ट्रीय मोजणीत ऊर्जेचा वाटा सुमारे 76 टक्के (वाहतूकही त्यातच), शेतीचा 14, औद्योगिक प्रक्रियांचा 8, कचऱ्याचा अडीच. एवढंच पाहणारा म्हणेल, वीजकेंद्रं सुधारा. गळकी जलवाहिनी त्याला दिसणारच नाही. म्हणून वीज ज्याच्यासाठी जळली त्याच्या नावावर धूर मांडा. अर्थशास्त्रज्ञ लिओन्टिएफ यांना 1973 चं नोबेल मिळालं ती आदान-प्रदान सारणी याच कामाची आहे. कोणतं क्षेत्र कोणाकडून किती घेतं हे तिच्यात मांडलं, की पोलाद, सिमेंट, वीज यांचा धूर शेवटच्या ग्राहकापर्यंत नेता येतो.

पीथमपूरची: दादा, नाही पटत. मी कारखान्यात ऊर्जेचा हिशेब ठेवते. ती सारणी टनात नाही, रुपयात असते. विजेचा दर घराला एक, कारखान्याला दुसरा. रुपयांवरून धूर वाटला तर जो जास्त दर भरतो त्याच्याच माथी जास्त धूर, युनिटं तेवढीच जाळली तरी! शिवाय खंडव्याचं सिंगाजी हे कोळशाचं वीजकेंद्र 2520 मेगावॅटचं. तिथे कोळसा तोलला जातो, जाब विचारायला मालक एकच. लाखो नळांवर जबाबदारी वाटली की कोणीच सापडत नाही.

रामबागकर: ताई, दराचं शंभर टक्के मान्य. पाण्यापुरतं तरी पंपांची युनिटंच धरू. पण जलूदच्या 60 मेगावॅट सौर प्रकल्पासाठी पालिकेने 2023 मध्ये 244 कोटींचे हरित रोखे (पर्यावरणाच्या कामासाठी लोकांकडून घेतलेलं कर्ज) काढले, ते कशामुळे? पाण्याचा विजेचा खर्च वेगळा दिसत होता म्हणून.

पीथमपूरची: तो बिलाचा धडा झाला, तुमच्या सारणीचा नव्हे.

जुनी इंदूरवाली: कचऱ्याचे अडीच टक्के किरकोळ समजू नका. देवगुराडियाचा प्रकल्प रोज 550 टन ओला कचरा पचवण्याच्या क्षमतेचा आहे. तो कचरा ढिगात कुजला असता तर मिथेन सुटला असता, शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या 28 पट तापवणारा. आता त्याच गॅसवर बस धावते. म्हणजे काम कचऱ्याच्या रकान्यात, बचत वाहतुकीतही. रकान्यांच्या भिंतींआड हे दिसेल का?

पीथमपूरची: दिसावं, पण वाचलेला एकच टन धूर कचरावाल्यांनी आणि बसवाल्यांनी, दोघांनी आपला म्हणून वजा दाखवला तर?

रामबागकर: दोन तक्ते ठेवू: धूर निघतो तिथे मांडणारा चिमणीचा आणि ज्याच्यासाठी निघतो त्याच्या नावावर मांडणारा वापराचा. बेरीज फक्त चिमणीच्या तक्त्याची करायची. वापराचा तक्ता पैसा कुठे घालायचा हे ठरवायला, त्याची बेरीज त्यात मिळवायचीच नाही.

पीथमपूरची: हे नियमात लेखी आलं तर दुसऱ्या तक्त्याला माझी हरकत नाही. रुपयांवरून धूर वाटायला मात्र विरोध कायम.