बदलत्या उपरिखर्चाची तफावत: खर्च कमी होऊनही प्रतिकूल कशी?

प्रश्न
व्हेरिएबल ओव्हरहेडच्या, म्हणजे वीज, वंगण अशा उत्पादनाबरोबर बदलणाऱ्या उपरिखर्चाच्या (अप्रत्यक्ष खर्चाच्या), एका उदाहरणात मी दोन दिवस अडकलो आहे. अंदाज १,००० नगांचा होता आणि प्रमाण (आधी ठरवलेले मानक) असे होते: नगाला २ तास, तासाला ५ रुपये. प्रत्यक्षात ९०० नग तयार झाले, त्यांना १,९०० तास लागले आणि ९,०२५ रुपये खर्च झाला. अंदाजपत्रकातल्या १०,००० रुपयांच्या मानाने ९७५ रुपये वाचले असताना पुस्तकात २५ रुपयांची प्रतिकूल तफावत दिली आहे. माझे कुठे चुकते?

उत्तर १
आपली वजाबाकी बरोबर आहे, पण ती चुकीच्या आकड्यातून केलेली आहे. हा खर्च उत्पादनाबरोबर कमीजास्त होतो, म्हणून जे १०० नग तयारच झाले नाहीत त्यांचे १,००० रुपये ‘वाचले’ असे धरता येत नाही. ९०० नगांना प्रमाणाप्रमाणे १,८०० तास, म्हणजे ९,००० रुपये मंजूर होतात आणि प्रत्यक्ष खर्च त्याहून २५ रुपयांनी जास्त आहे.

मात्र २५ वर थांबू नये, कारण खरी गोष्ट त्याच्या पोटात आहे. लागलेल्या १,९०० तासांचे प्रमाणित दराने ९,५०० रुपये होतात. खर्च त्यापेक्षा ४७५ रुपयांनी कमी, ही अनुकूल खर्च तफावत. आणि १०० तास जादा लागले, त्यांचे ५ रुपयांप्रमाणे ५००, ही प्रतिकूल कार्यक्षमता तफावत. दोन मोठे आकडे एकमेकांना खाऊन टाकतात आणि वरवर पाहणाऱ्याला सारे ठीक वाटते.

प्रश्नकर्ता
आता उलगडले. म्हणजे ५०० रुपयांची प्रतिकूल तफावत वीज आणि वंगण वाया गेल्याची समजायची का?

उत्तर २
नाही, आणि हा गैरसमज परीक्षेतच नव्हे तर प्रत्यक्ष कामातही फार नडतो. कार्यक्षमता तफावतीत मोजले जातात ते केवळ तास. कामगार नवखे असतील किंवा कच्चा माल खराब असेल, तर तास वाढतात आणि त्यांच्यामागून ही तफावत येते. वंगण सांडले, यंत्राने तासाला जास्त वीज ओढली किंवा विजेचा दर वाढला, तर ते सगळे खर्च तफावतीत जाते. म्हणून तिला निव्वळ दरातला फरक म्हणू नये.

दर ज्या तासांवर बांधला आहे ते तासही तपासून पाहावेत, असे मी आग्रहाने सांगेन. वीज यंत्राच्या तासांबरोबर वाढत असताना दर कामगारांच्या तासांवर बांधला असेल, तर कार्यक्षमता तफावतीचा आकडा गणिताने बरोबर येईल, पण दोष भलत्याच विभागाच्या माथी बसेल.

प्रश्नकर्ता
स्थिर उपरिखर्चात असते तशी उत्पादन प्रमाणाची (नगांच्या संख्येतल्या फरकामुळे येणारी, व्हॉल्यूम) तफावत इथे का नाही?

उत्तर १
कारण उत्पादन घटले की मंजूर खर्चही त्याच प्रमाणात घटतो. स्थिर उपरिखर्च नग कमी झाले तरी तेवढाच राहतो आणि त्याचा काही भाग नगांवर न बसता मागे उरतो. ती तफावत तिथूनच निघते.