व्यसनमुक्तीत मानसोपचारतज्ज्ञाचे काम औषधापाशी संपते का?

प्रश्न
माझी इंटर्नशिप संपत आली असून मानसोपचारात एमडी करून व्यसनमुक्तीकडे वळण्याचा विचार आहे. तीच माणसे पुन्हा पुन्हा पिऊन येणार, मग डॉक्टरने करायचे काय, असे घरचे विचारतात. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राच्या डॉ. अनिता अवचट यांनी डॉक्टर म्हणून नेमके वेगळे काय केले? आणि या शाखेचे रीतसर शिक्षण कुठे मिळते?

प्रतिसाद १
अनिताताई येरवड्याच्या मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ होत्या. पुण्यातली तरुण मुले गर्दच्या (ब्राउन शुगर, म्हणजे अशुद्ध हेरॉइनच्या) आहारी जाऊ लागली तेव्हा त्यांचे पती अनिल अवचट यांनी त्यावर लेख लिहिले, ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी मदत देऊ केली आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी मुक्तांगण सुरू झाले. इमारत आणि पैसा यांपेक्षा मला मोठे वाटते ते हे, की व्यसनातून बाहेर पडलेल्यांनाच त्यांनी कार्यकर्ते आणि समुपदेशक म्हणून उभे केले. आपल्याला न दिसणारी पळवाट कालच्या रुग्णाला आधी दिसते, हे मान्य करणे पदवीधर डॉक्टरला (मीही त्यातलाच) जड जाते. १९९७ मध्ये कर्करोगाने त्या गेल्या. पुढे कन्या मुक्ता पुणतांबेकर यांनी धुरा सांभाळली.

प्रतिसाद २
औषधाचा भाग थोड्या दिवसांचा असला तरी त्याला कमी लेखू नका. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तुटली, की पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भ्रम, कंप, ताप असे जिवावर बेतणारे दुखणे उद्भवू शकते. म्हणून बेन्झोडायझेपिन हे शामक औषध देऊन हळूहळू कमी करत नेतात आणि थायमिन (ब१ जीवनसत्त्व) देतात. गर्दची टर्की, म्हणजे गर्द बंद केल्यावर होणारा त्रास, सहसा जीव घेत नाही, पण त्या यातनांपायी रुग्ण उपचार सोडून पळतो. दिल्लीचे एम्स आणि चंडीगडचे पीजीआय येथे एमडीनंतर व्यसनोपचारात डीएम ही पुढची पदवी करता येते.

प्रतिसाद ३
मी डॉक्टर नाही, रुग्णाची पत्नी आहे. यजमान तिसऱ्यांदा दाखल झाले तेव्हा आम्ही दोघेही मान खाली घालून बसलो होतो. डॉक्टरांनी पुन्हा का प्यायलात, असे विचारलेच नाही. मधले अकरा महिने तुम्ही कसे काढलेत, एवढेच विचारले, आणि यजमान तासभर बोलत राहिले.