हेडरेस्ट मानेला टेकवायचा की डोक्याला?

प्रश्न: एकच गाडी दोघं चालवतात, उंचीत बराच फरक आहे. हेडरेस्ट नेमका कुठे लावायचा? उंच माणसासाठी शेवटच्या खाचेपर्यंत ओढला तरी तो डोक्याच्या थोडा खालीच राहतो. मानेची उशी लावून भागेल का?

प्रतिसाद १: डोक्याला. मागून धडक बसली की सीट पाठीला पुढे ढकलते, डोकं मात्र जडत्वामुळे जागीच राहतं आणि तो ताण मानेवर येतो. सगळं इतक्या झटकन होतं की स्नायू आवळायलाही वेळ मिळत नाही. हेडरेस्ट मानेपाशीच असेल तर डोकं त्याच्यावरून मागे कलंडतं. वरची कड डोक्याच्या टोकाच्या रेषेत हवी. आयआयएचएस या अमेरिकेतल्या रस्ते-सुरक्षा संस्थेच्या मोजपट्टीत ती टोकाच्या फार तर ६ सेंमी खाली चालते, त्यामुळे थोडं खाली असेल तर आधी मोजा. रोज बदलणं होत नसेल तर उंच माणसाप्रमाणे लावा. जास्त उंच परवडतो, बुटका नाही. दांड्यांना नळ्या जोडून उंची वाढवू नका, धडकेत त्या वाकतात.

प्रतिसाद २: उंचीइतकंच डोक्याची मागची बाजू आणि हेडरेस्ट यांच्यातलं अंतर महत्त्वाचं, आणि तिकडेच दुर्लक्ष होतं. त्याच मोजपट्टीत ते ७ सेंमीपर्यंत चांगलं धरतात. नेहमीसारखं बसा आणि दुसऱ्याला पट्टीने मोजायला सांगा. सीटची पाठ जितकी मागे कलती तितकं अंतर वाढतं, म्हणून आधी पाठ सरळ करा, मग हेडरेस्ट लावा. मानेची उशी काढाच: ती मानेला पुढे ढकलते, डोकं हेडरेस्टपासून लांबच राहतं. डोकं पुढे येतं म्हणून हेडरेस्ट उलटा बसवणंही तितकंच वाईट.

प्रतिसाद ३: लावून झाल्यावर तळव्याने जोरात खाली दाबून बघा. बटण न दाबता सरकला, तर खाचेत बसलेलाच नाही. बाहेरून घातलेलं सीट कव्हर घट्ट असेल तर बटण दाबलेलंच राहतं आणि लॉक लागत नाही. तिथे कव्हरला भोक मोठं करा. मागच्या सीटचे हेडरेस्ट बहुतेक वेळा पूर्ण खाली सारलेले असतात, माणूस बसला की वर ओढायचे. बाळाच्या सीटला अडतो म्हणून काढलेला हेडरेस्ट डिकीत नीट अडकवून ठेवा. सुटा राहिला तर ब्रेक मारताच तोच पुढे येऊन आदळेल.

प्रश्नकर्ता: आणि धडकेत आपोआप पुढे सरकणारे?

प्रतिसाद ३: साब या स्वीडिश गाडी कंपनीने १९९७ मध्ये आणलेल्या प्रकारात पाठीच्या दाबाने सीटमधली यंत्रणा हलते आणि हेडरेस्ट वर-पुढे येतो. तिथे पाठीमागे जाड गादी ठेवू नका, दाब नीट पोचत नाही. उंची मात्र यातही हातानेच लावावी लागते.