सगळं डिसेंबरातच? पुण्याच्या भरगच्च आठवड्याबद्दल थोडं कडू

ओसरी (धागाकर्ता)

२०२४ च्या डिसेंबरातला तिसरा आठवडा आठवतोय? फर्ग्युसनच्या मैदानावर १४ ते २२ पुणे पुस्तक महोत्सव, मुकुंदनगरला महाराष्ट्रीय मंडळात १८ ते २२ सवाई, म्हणजे सवाई गंधर्व संगीत महोत्सव. दोन्हींचा समारोप एकाच रविवारी. पुस्तकं बघावीत की गाणं ऐकावं या पेचात अर्धं शहर, आणि उरलेल्या अर्ध्याला दोन्हींचा पत्ता नाही, ते लक्ष्मी रोडवर. पुढे जानेवारी-फेब्रुवारीत गाण्याचा वसंतोत्सव, चित्रपट महोत्सव. मग थेट गणपतीपर्यंत सामसूम.

आम्ही काही मित्र सदाशिव पेठेत घरगुती बैठक चालवतो. दिवाणखाना, सतरंज्या, सत्तर माणसं मावतात. दर महिन्याला. सवाईच्या मंचावर गाऊन आलेले कलाकारही आमच्याकडे गातात. ऐकायला येतात पंचवीस, त्यांतले निम्मे कलाकाराचे शिष्य आणि नातेवाईक. मंडपात ज्या गायिकेला उभं राहून टाळ्या मिळाल्या, तीच दोन महिन्यांनी आमच्याकडे माइकशिवाय दोन तास गाते, तेव्हा मात्र "अहो, त्या दिवशी जरा घरी पाहुणे आहेत".

माझा आरोप असा की, या महोत्सवी आठवड्याने पुणेकराला वर्षभराचं ऐकणं एकदम उरकून टाकायची सवय लावली. सीझन तिकीट काढलं, मंडपातला फोटो टाकला, खात्यात पुण्य जमा. महोत्सव बंद करा असं मी म्हणत नाही (म्हटलं तर पेठेत राहू देणार नाहीत). पण प्रायोजक, वर्तमानपत्रांची पानं आणि लोकांच्या संध्याकाळी हे सगळं एकाच आठवड्यावर ओतायचं आणि उरलेलं वर्ष कोरडं ठेवायचं, हे थांबायला हवं. तारखा वाटून घ्या. गाण्याला डिसेंबर, तर पुस्तकांना पावसाळ्यानंतरचा एखादा आठवडा. काय बिघडेल?

कोरेगाव_सातारा

ओसरीवाले, तुम्ही सदाशिव पेठेत राहता म्हणून तुम्हाला हे सुचतं. तुमच्या दारात वर्षभर काही ना काही असतं. आमच्याकडे काय असतं? लग्नातला डीजे.

मी रमणबागेच्या काळापासूनचा, म्हणजे सवाई रमणबाग शाळेच्या मैदानावर रात्रभर चालायचा तेव्हाचा. एसटीने स्वारगेटला उतरायचं, खांद्यावर शाल, पिशवीत भाकरी-चटणी, आणि दोन-तीन रात्री मंडपात. लॉज वगैरे भानगड नव्हती, कारण झोपायचंच नव्हतं. गुरू सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ भीमसेन जोशींनी १९५३ मध्ये हे सुरू केलं. सवाई गंधर्वांचेच शिष्य गंगूबाई हनगल आणि फिरोज दस्तूर तिथे येऊन गायचे, आणि शेवटी भीमसेन. तोवर उजाडलेलं असायचं. माझ्यासारख्याने एरवी यांना कधी समोर बसून ऐकलं असतं? गाणं कशाशी खातात हे मला कोणी शिकवलं नाही, त्या मंडपात बसून बसून कान तयार झाले.

आणि सगळं एका आठवड्यात असतं हीच तर सोय आहे. २०२४ मध्ये मी सकाळी फर्ग्युसनला पुस्तकं घेतली, दुपारी तीनला मुकुंदनगर. एका फेरीत दोन्ही कामं. तुम्ही तारखा वाटल्यात की पुणेकरांची संध्याकाळ मोकळी होईल, आणि बाहेरगावच्यांना एकदाऐवजी चारदा यावं लागेल. म्हणजे ते एकदाच येतील.

मुकुंदनगरचा_शेजारी

तारखा वाटा नाहीतर एकत्र करा, फक्त आमच्या फाटकासमोर गाडी लावू नका. मारवा राग आम्हाला गॅलरीतून फुकट ऐकू येतो, त्याबद्दल तक्रार नाही.

तीव्र_मध्यम

मी गाणं शिकते, त्यामुळे दोघांशीही भांडण आहे.

आधी सातारकर काका. रात्रभराच्या रमणबागेच्या आठवणी ऐकून ऐकून आमच्या पिढीला असं वाटायला लागलंय की आपण चुकीच्या शतकात जन्मलो. पण त्या रात्रभराच्या मैफलीला बसायचं कोण? माझी आई सांगते, मामा सोबत असेल तरच तिला परवानगी मिळायची, आणि मामाला झोप आली की गाणं संपलं. आता मी दुपारी तीनला एकटी जाते आणि रात्री स्वारगेटवरून मेट्रोने परत येते. ती सोय सप्टेंबर २०२४ पासून झालीय.

आणि रात्रभराचं गाणं गेलं म्हणून त्या-त्या वेळेचे राग गेले असं म्हणाल, तर हिशोब इतका सरळ नाही. रात्री सुरू होऊन सकाळी संपणाऱ्या मैफलीत मुलतानी, पटदीप, मधुवंती गायचे कधी? हे दुपारचे राग बाहेरच राहायचे. आज त्यांना जागा मिळते, मग दिवेलागणीला मारवा, पूरिया, श्री. गेले ते पहाटे-सकाळचे ललित, तोडी, भैरव, आणि त्याचं मलाही वाईट वाटतं. पण "सवाईत आता राम राहिला नाही" म्हणणाऱ्या किती जणांनी तिथे दुपारचा पटदीप मन लावून ऐकलाय? ते पाच वाजता येतात, मिसळ खातात आणि नावाजलेल्या नावाची वाट बघतात.

आता ओसरी काका. मंडपात नव्या कलाकाराला तासाभराचा अवधी मिळतो. विलंबित ख्याल, म्हणजे संथ लयीतलं सावकाश उलगडणारं गाणं, नीट मांडायला तो कमी पडतो, म्हणून तराणा-द्रुत अशा जलद गाण्याकडे धाव. ही तक्रार खरी आहे आणि ती तुम्ही करायला हवी होती. त्याऐवजी तुम्ही श्रोत्यांवर रागावलात.

अप्पा_बळवंत

माझं पुस्तकांचं दुकान आहे, अप्पा बळवंत चौकापासून फार लांब नाही. ओसरी यांना माझा अर्धा पाठिंबा, कुठला अर्धा ते सांगतो.

पुस्तक महोत्सव २०२३ मध्ये सुरू झाला. राष्ट्रीय पुस्तक न्यासाचा. कॉलेजची पोरं, पिंपरी-चिंचवडची कुटुंबं, ज्यांनी चौकात येऊन कधी दुकानाची पायरी चढली नसती असे लोक तिथे पिशव्या भरताना मी पाहिलेत. मराठी पुस्तक कोणी घेत नाही ही रड तिथे खोटी ठरते. लहान प्रकाशकांना वाचक समोर भेटतो, हेही चांगलं.

पण नोव्हेंबर लागला की माझ्या दुकानात गिऱ्हाईक पुस्तक चाळतं, मोबाइलवर मुखपृष्ठाचा फोटो काढतं आणि म्हणतं, "डिसेंबरात घेऊ, तिथे सूट असते." दुकानाचं भाडं मात्र बाराही महिने असतं. जानेवारीत तर आमच्याकडे फक्त गाइडं विकली जातात. त्यात महोत्सवाला विश्वविक्रमांचं वेड. इतक्या जणांनी एकाच वेळी वाचलं म्हणून प्रमाणपत्र मिळतं, त्यातल्या किती जणांनी ते पुस्तक घरी जाऊन पूर्ण केलं याचं प्रमाणपत्र कोण देणार?

तारखा बदलून मात्र काही होणार नाही. ऑक्टोबरात घेतलात तर गिऱ्हाईक सप्टेंबरात फोटो काढेल.

डेसिबल

ध्वनिव्यवस्थेच्या धंद्यात आहे, म्हणून दोन गोष्टी. इथे लोक नियम माहीत नसताना आठवणी काढतात.

रात्रभराचं गाणं आयोजकांनी हौसेने बंद केलं नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिवर्धक चालत नाही. राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस १२ वाजेपर्यंत सूट देऊ शकतं. ती सूट २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकली, पण १५ म्हणजे १५. त्यातले बरेच दिवस गणपती आणि नवरात्रात जातात. उरलेल्यांसाठी सगळे महोत्सव रांगेत. तेव्हा "वर्षभर विखरा" म्हणणाऱ्यांनी लक्षात ठेवा, उघड्या मैदानावरचं जे काही विखराल ते दहाला संपेल.

दुसरं, जे कोणी बोलत नाही. बंद सभागृहाला हा नियम तसा लागू नाही. आवाज आतल्या आत राहत असेल तर रात्रभर ललितची वाट बघत बसा, कायदा आडवा येत नाही. आडवं येतं ते भाडं, कर्मचाऱ्यांची रात्रपाळी आणि श्रोते. चार-पाचशे माणसं पहाटेपर्यंत थांबतील याची हमी द्या, साउंड मी निम्म्या दरात लावतो. लिहून देतो.

तिसरी_घंटा

नाटकवाल्यांना कोणी विचारत नाही, म्हणून न विचारता बोलतो.

बालगंधर्व रंगमंदिर २६ जून १९६८ ला उघडलं. तिथल्या शनिवार-रविवारच्या तारखांसाठी काय मारामारी असते ते आम्हाला विचारा. डिसेंबरातली तारीख मिळाली की पूर्वी निर्माता पेढे वाटायचा. आता विचार करतो, त्या रविवारी सवाईचा शेवटचा दिवस, फर्ग्युसनचा शेवटचा दिवस, नाटकाला येणार कोण?

तरी मी ओसरींच्या बाजूने नाही, कारण त्यांना वाटतं तितकं उरलेलं वर्ष कोरडं नसतं. पुरुषोत्तम करंडक ही कॉलेजांची एकांकिका स्पर्धा १९६३ पासून चालू आहे, आणि ती भर पावसात होते. भरत नाट्य मंदिराच्या बाहेर पोरं भिजत रांगा लावतात, आत आरोळ्या ठोकून छप्पर उडवतात. २०२२ च्या अंतिम फेरीत परीक्षकांनी एकाही एकांकिकेला करंडक दिला नाही, तेव्हा गावभर भांडणं झाली. ज्या शहरात एकांकिकेच्या निकालावरून लोक एकमेकांशी बोलायचे थांबतात ते शहर फक्त डिसेंबरात जागं असतं असं म्हणू नये. तुमच्या दिवाणखान्यात लोक येत नाहीत, हा प्रश्न वेगळा आहे.

ओसरी

सातारकर, तुमचा मुद्दा मान्य नाही, पण त्याला उत्तरही नाही माझ्याकडे. बाहेरगावच्या माणसाला एका फेरीत सगळं हवं हे खरं. म्हणजे पुण्याचं कॅलेंडर कोरेगावच्या एसटीने ठरवायचं? बरं, ठरवू. पण मग पुणेकराने तरी उरलेले एकावन्न आठवडे काय करायचं ते सांगा.

तिसरी_घंटा, करंडकाला येणारी पोरं ही स्पर्धेची पोरं. त्यांचं कॉलेज हरलं की ती पुढच्या वर्षापर्यंत नाटक बघत नाहीत. आरोळ्या म्हणजे प्रेक्षक नव्हे.

आणि सवाई गंधर्वांचं गाव कुंदगोळ, तिथेही त्यांच्या स्मरणार्थ नाडगीर वाड्यात दरवर्षी गाणं होतं. लहान गाव, जुना वाडा. तिथे जमतं, तर सत्तर माणसांचा दिवाणखाना पुण्यात का भरत नाही?

कोरेगाव_सातारा

कुंदगोळलाही वर्षातून एकदाच होतं हो! तुम्ही माझीच बाजू मांडताय.

तीव्र_मध्यम

एक विचारू, ओसरी काका? तुमच्या बैठकीत गायकाला मानधन किती असतं? आकडा नको, पद्धत सांगा. कारण आमच्या वर्गातल्या मुलींना अशा बैठकांचं आमंत्रण येतं तेव्हा "व्यासपीठ मिळतंय ना" असंच सांगतात. एका ठिकाणी मला गाण्यानंतर शाल, श्रीफळ आणि पोहे मिळाले. रिक्षा माझी मी केली. मोठ्या महोत्सवात तासच मिळतो, पण करार असतो, ठरलेली रक्कम असते, तबलजीला वेगळं विचारतात.

ओसरी

प्रश्न रास्त आहे. आमच्याकडे तिकीट नाही, दाराशी पेटी असते. पेटीत जमतं ते सगळं कलाकारांचं. आधी तबला-संवादिनीचं ठरलेलं पाकीट, उरतं ते गायकाला. सत्तर माणसं आली तर बरं निघतं, पंचवीस आली तर आम्ही तिघं-चौघं खिशातून भर घालतो. म्हणून तर म्हणतोय की या.

तीव्र_मध्यम

म्हणजे माणसं कमी आली की तोटा गायकाचा, आणि भर तुमच्या मर्जीवर. पेटी काढा आणि तिकीट लावा, दोनशे-तीनशे रुपये. मंडपाबाहेर चहा आणि भजीवर लोक तेवढे सहज घालवतात. फुकट बैठक असली की पाहुणे घरी येतातच, पैसे भरलेले असले की तेच पाहुणे बरोबर येतील.

अप्पा_बळवंत

तिकीट लावाच. आणि विकायचं असेल तर माझ्या दुकानात ठेवा, जानेवारीत गिऱ्हाईक नसतंच. फक्त डिसेंबरात सूट देऊ नका.

ओसरी

तिकिटाचं मित्रांशी बोलतो. दोघे नाही म्हणणार, "बैठकीला कसलं तिकीट" म्हणून. पुढची बैठक महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी, सहाला. सातारकर, स्वारगेटहून चालत वीस मिनिटं.

कोरेगाव_सातारा

गाणार कोण ते आधी सांगा. मग शेवटची एसटी किती वाजता ते बघतो.