अ‍ॅप्लेटमधील चित्र दिसत नाही, तेव्हा दोष ‘गेटइमेज’चा की आपला?

खटपट्या (धागाकर्ता):

एक जुने अ‍ॅप्लेट (वेबपानात चालणारी छोटी जावा आज्ञावली) मी पुन्हा चालते करीत आहे. घड्याळाची तबकडी चित्रफाइलीतून येते आणि काटे आज्ञावली स्वतः काढते, एवढाच त्याचा पसारा. जेडीके ८ (जावाचा विकाससंच) मधील अ‍ॅप्लेटव्ह्यूअरवर (ब्राउझरशिवाय ते चालवून पाहण्याचे साधन) ते माझ्या संगणकावर उत्तम चालले. सर्व फाइली सर्व्हरवर ठेवून त्याच अ‍ॅप्लेटव्ह्यूअरला तिथला पत्ता दिला, तेव्हा काटे फिरत राहिले, पण तबकडीच्या जागी नुसती करडी पाटी दिसू लागली. कन्सोलवर एक ओळही उमटली नाही. दोन संध्याकाळी घालवल्यावर कळले की आज्ञावलीत फाइलीचे विस्तारनाम लहान अक्षरांत होते आणि डिस्कवर ते कॅपिटल अक्षरांत होते. विंडोज हा भेद मानत नाही. सर्व्हरवरील लिनक्स मात्र मानते.

चूक माझी होती, हे मान्य. परंतु नसलेली फाइल मागितल्यावरही ‘गेटइमेज’ ही चित्र मागवणारी जी पद्धत (मेथड) तोंडातून ब्र काढत नाही आणि शांतपणे एक इमेज वस्तू हातावर ठेवते, तिला मी सदोष म्हणतो. म्हणून माझे मत असे की ‘गेटइमेज’ आणि तिला फोल्डराचा पत्ता पुरवणारी ‘गेटकोडबेस’ ही जोडी सरसकट वर्ज्य करावी, चित्रे जारमध्येच (आज्ञावलीच्या फाइली एकत्र बांधणाऱ्या गठ्ठ्यात) घालावीत, ‘गेटरिसोर्स’ने त्यांचा पत्ता मिळवावा आणि ‘इमेजआयओ’च्या ‘रीड’ने ती वाचावीत. फाइल नसेल तर तिथल्या तिथे एक्सेप्शन (त्रुटीची सूचना) येते आणि तपास दोन मिनिटांत संपतो.

अर्धविराम:

निदान बरोबर असले तरी उपाय म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असा झाला आहे. ‘गेटइमेज’ चित्र आणून देते, असे तिच्या वर्णनात कुठेही म्हटलेले नाही. ती लगेच परतते आणि प्रत्यक्ष माहिती आणण्याचे काम चित्र पहिल्यांदा रेखाटण्याच्या वेळेपर्यंत पुढे ढकलते. १९९६ साली जावाची पहिली आवृत्ती आली तेव्हा जाळ्यावरून एक चित्र उतरायला कित्येक सेकंद लागत, आणि तेवढा वेळ संपूर्ण अ‍ॅप्लेट गोठवून ठेवणे हाच खरा दोष ठरला असता. मागणी नोंदवल्याबरोबर परतणाऱ्या पद्धतीला फाइल नाही हे ठाऊकच नसते, मग ती एक्सेप्शन कुठून टाकणार?

हे ठाऊक करून घेण्याची सोय पहिल्या आवृत्तीपासून आहे, तिचे नाव ‘मीडियाट्रॅकर’. चित्र त्याच्याकडे नोंदवावे, ‘वेटफॉरऑल’ म्हणून थांबावे, आणि त्यानंतर ‘इझएररएनी’ विचारावे. बहुतेक जण शेवटची पायरी गाळतात. चित्र उतरले तरी आणि फसले तरी ‘वेटफॉरऑल’ सारखेच परतते, त्यामुळे ते परतले म्हणजे चित्र आले असे समजणाऱ्याच्या वाट्याला पुन्हा तीच करडी पाटी येते.

दुसरे असे की आपण ‘ड्रॉइमेज’ला शेवटचा अर्ग्युमेंट म्हणून काय देता, हे लिहिलेले नाही. पुष्कळ नमुन्यांत तिथे ‘नल’ (म्हणजे ‘काही नाही’) असतो. ती जागा इमेजऑब्झर्व्हरची आहे. चित्राचा पुढचा भाग हाती आला की त्याला कळवले जाते आणि तो पुन्हा रंगवण्याची व्यवस्था करतो. अ‍ॅप्लेट हा स्वतःच ऑब्झर्व्हर असल्यामुळे तिथे ‘धिस’ (म्हणजे ही वस्तू स्वतः) लिहिणे पुरेसे असते. ‘नल’ दिला तर पहिल्या रंगवणीत चित्र तयार नसते, आणि नंतर ते येऊन पोचले तरी पडद्याला कुणी उठवत नाही. अशा वेळी खिडकीचा कोपरा ओढून ती लहानमोठी करून पाहावी. ओढताच चित्र उगवले तर दोष ऑब्झर्व्हरचा आहे, आणि कितीही ओढले तरी उगवले नाही तर बहुधा पत्त्याचा. ही एवढी परीक्षा केली असती तर आपली एक संध्याकाळ नक्की वाचली असती.

खटपट्या:

कोपरा ओढण्याची परीक्षा मला ठाऊक नव्हती, त्याबद्दल आभार. तरीही एक चित्र दाखवण्यासाठी ट्रॅकर नेमायचा, त्याच्यापाशी थांबायचे आणि वर त्यालाच ‘काही फसले का’ असे विचारायचे, हे ज्या रचनेत करावे लागते तिच्यात विसरण्याच्या तीन जागा आहेत. २००२ च्या १.४ आवृत्तीत ‘इमेजआयओ’ आल्यानंतर ही कवायत करण्याचे कारण उरलेले नाही.

नवलाई:

धागाकर्त्यांच्या बाजूने बोलावेसे वाटते, पण ‘गेटरिसोर्स’मुळे पत्त्याचा घोळ संपत नाही, तो फक्त घर बदलतो. वर्गावर (क्लासवर) ‘गेटरिसोर्स’ मागताना नावाच्या आधी तिरपी रेघ नसेल, तर शोध त्या वर्गाच्या पॅकेजपासून सुरू होतो. रेघ असेल तर क्लासपाथच्या (जावा जिथे वर्ग शोधते त्या जागेच्या) मुळापासून. ‘गेटक्लासलोडर’मार्गे, म्हणजे वर्ग लोड करणाऱ्या क्लासलोडरकडून, गेलात तर शोध नेहमी मुळापासूनच होतो आणि तिथे आरंभीची रेघ दिली की हाती ‘नल’ येतो. हे तीन नियम एकत्र लक्षात राहत नाहीत, असा माझा अनुभव आहे. शिवाय जारमधील नावे विंडोजवरही लहानमोठ्या अक्षरांचा भेद पाळतात. त्यामुळे तुमची मूळची चूक तिथेही झालीच असती, फक्त सर्व्हरवर जाण्याआधी, स्वतःच्या संगणकावरच उघड झाली असती. तेवढा फायदा मी मान्य करते.

माझ्या हातून झालेली फजिती सांगते. मेव्हन या बांधणी साधनाने बांधलेल्या प्रकल्पात चित्रे मी सोर्सच्या ‘जावा’ फोल्डरात, वर्गांच्या शेजारीच ठेवली होती. मेव्हन ठरल्याप्रमाणे ‘रिसोर्सेस’ फोल्डरातील फाइलीच जारमध्ये उचलतो, बाकीच्या नाही. ‘जार टीएफ’ ही आज्ञा देऊन यादी काढली, तेव्हा त्यात मॅनिफेस्ट (जारची माहितीफाइल) आणि क्लास फाइलींपलीकडे चित्र म्हणून काही नव्हते. गंमत अशी की काही दिवस ते अ‍ॅप्लेट बिनबोभाट चाललेही होते, कारण अ‍ॅप्लेटचा क्लासलोडर जारमध्ये वस्तू सापडली नाही तर कोडबेसच्या पत्त्यावर सर्व्हरकडे विचारणा करतो आणि तिथे जुन्या काळची सुटी चित्रे पडून होती. कुणीतरी तो फोल्डर आवरला आणि सर्व चित्रे एकाच दिवशी गेली.

अर्धविराम:

नवलाई यांचा अनुभव माझेच म्हणणे पुढे नेतो. कोणतीही पद्धत घ्या, अंतिम पत्ता छापून पाहिल्याशिवाय तपास सुरूच होत नाही. ‘गेटकोडबेस’ने दिलेला पत्ता आणि फाइलीचे नाव जोडून कन्सोलवर छापावे, तो पूर्ण पत्ता ब्राउझरमध्ये चिकटवावा आणि चित्र उघडते का ते पाहावे. इथे दोन गैरसमज नेहमी आढळतात. ‘गेटडॉक्युमेंटबेस’ हा एचटीएमएल पानाचा पत्ता आहे आणि ‘गेटकोडबेस’ हा वर्गांच्या मूळ फोल्डराचा. दोन्ही एकाच फोल्डरात असेपर्यंत फरक कळत नाही, आणि पान हलवले की चित्रे नाहीशी होतात. शिवाय वर्ग पॅकेजमध्ये असला तरी कोडबेस त्या पॅकेजच्या फोल्डरात शिरत नाही, त्याच्या वरच्या मुळाशीच थांबतो.

आडवाटेने:

आपण सारे ज्या घराचे छप्पर दुरुस्त करीत आहात त्याला आता दार उरलेले नाही. क्रोमने २०१५ मध्ये आणि फायरफॉक्सने २०१७ मध्ये ब्राउझरमधील जावा प्लगइन चालवणे थांबवले. २०१७ च्या जावा ९ मध्ये अ‍ॅप्लेटचा वापर नापसंत ठरवला गेला, २०१८ च्या ११ व्या आवृत्तीतून अ‍ॅप्लेटव्ह्यूअर गेला आणि २०२१ च्या १७ व्या आवृत्तीत संपूर्ण एपीआयवर ‘काढून टाकण्यासाठी’ अशी खूण लागली. घड्याळ जेफ्रेममध्ये (ब्राउझरबाहेरच्या स्वतंत्र खिडकीत) हलवावे आणि हा वाद मिटवावा.

नवलाई:

हलवावे हे खरे, पण वाद मिटत नाही. उलट तो धागाकर्त्यांच्या बाजूने झुकतो. अ‍ॅप्लेटचा वर्ग जसाच्या तसा फ्रेममध्ये घातला, तर ‘गेटकोडबेस’ला उत्तर देणारा स्टब तिथे नसतो आणि नलपॉइंटर एक्सेप्शन मिळते. (अ‍ॅप्लेटच्या कन्स्ट्रक्टरमध्ये ‘गेटकोडबेस’ मागणाऱ्यांनाही तेच मिळते, कारण स्टब त्यानंतर बसतो, ती मागणी ‘इनिट’मध्ये करावी.) ‘गेटरिसोर्स’ची ओळ मात्र एक अक्षर न बदलता नव्या घरी चालते.

अर्धविराम:

स्थलांतराचा मुद्दा मला पटतो आणि तेवढ्यापुरते माझे मत मी बदलतो. मात्र ‘इमेजआयओ’चे ‘रीड’ चित्र पूर्ण वाचून होईपर्यंत परतत नाही, हे विसरू नये. तबकडीसारख्या लहान चित्राला ते चालेल. मोठी चित्रे इव्हेंट थ्रेडवर (खिडकी आणि बटणे सांभाळणाऱ्या प्रवाहावर) वाचलीत तर बटणे दाबली जाणार नाहीत आणि लोक त्याला ‘जावा संथ आहे’ असे म्हणतील. तिथे काम पार्श्वभूमीत करणारा ‘स्विंगवर्कर’ लावावा. आणि ‘इमेजआयकॉन’ (चित्र धरणारा तयार वर्ग) हा मधला मार्ग कुणी सुचवण्याआधीच सांगतो की फाइलीचे नाव देऊन घडवलेला आयकॉन फाइल नसली तरी तितकाच गप्प बसतो. रुंदी विचारली तर उणे एक सांगतो, एवढेच.

खटपट्या:

काल रात्री घड्याळ जेफ्रेममध्ये आणले. पहिल्याच फेरीत ‘रीड’ने ‘इनपुट नल आहे’ अशा अर्थाचे एक्सेप्शन फेकले. ‘जार टीएफ’ काढले, तर यादीत चित्रांच्या फोल्डराचे पहिले अक्षर कॅपिटल होते आणि आज्ञावलीत लहान. म्हणजे तीच चूक मी दुसऱ्यांदा केली, फक्त या वेळी ती चहा निवायच्या आत सापडली. ‘ड्रॉइमेज’मध्ये मात्र खरोखरच ‘नल’ होता, हेही कबूल करतो. आता चित्र आधीच पूर्ण वाचलेले असते, त्यामुळे तो तिथे राहिला तरी बिघडत नाही. तरी मी ‘धिस’ लिहिले आहे.